सुरांची कोडी

मराठी घरात कोड्यांची वानवा कधीच नसते. रात्रीची जेवणं झाली की आजी कोडी घालते, मंगळागौरीला उखाण्यांची चढाओढ लागते, आणि गणिताचे सर तर हौद आणि तोट्यांची कोडी घालून मुलांना दरवर्षी छळतातच. पण गाण्याचीही कोडी असतात, आणि ती एकमेकांना घालणारी, सोडवणारी माणसं गावोगाव असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. अशा माणसांच्या एका लहानशा मंडळात मी गेली बरीच वर्षं आहे. शाळेच्या वार्तापत्रासाठी काही लिहा, असा निरोप आला तेव्हा याच कोड्यांबद्दल लिहावं असं मनात आलं. कारण ही कोडी सोडवता सोडवता गाण्याबरोबर आपलं बडोदंही मला नव्याने कळत गेलं.

आमचं मंडळ आठ जणांचं. तिघं इथले, बडोद्याचे. इंदूरचे एक निवृत्त बँक अधिकारी, बेळगावचे एक तबल्याचे शिक्षक, ग्वाल्हेर, पुणे आणि फोंडा इथल्या प्रत्येकी एक बाई. पूर्वी पोस्टकार्डावर कोडी यायची, आता मोबाइलवर येतात. बाकी काही बदललेलं नाही. दर शनिवारी एकाने एक कोडं घालायचं. उत्तराला आठ दिवसांची मुदत. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की, नुसतं उत्तर लिहायचं नाही, ते कसं सापडलं तेही लिहायचं. नुसतं उत्तर दिलं तर अर्धे गुण. गुणांचा हिशेब मात्र आजवर कोणी ठेवलेला नाही.

या कोड्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. नावांची कोडी, आकड्यांची कोडी आणि कानांची कोडी. एकेक करून सांगतो.

नावांच्या कोड्याचा एक नमुना पाहा. "आडनाव बडोद्याचं, जन्म मिरजेचा, वडील उत्तर हिंदुस्थानातले. ही गायिका कोण?" आडनाव बडोद्याचं म्हटल्यावर जाणकार लगेच सांगतील, हिराबाई बडोदेकर. पण नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न येतोच : मिरजेला जन्मलेल्या मुलीचं आडनाव बडोदेकर कसं?

त्या 'कसं'मध्ये आपल्या गावची एक मोठी गोष्ट दडलेली आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ हे मूळचे कैराना गावचे. याच गावावरून किराणा घराण्याला नाव मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बडोदा दरबारात गायक होते. इथल्या माने घराण्यातल्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होत्या. दोघांनी लग्न करायचं ठरवलं, घरच्यांचा विरोध होता, आणि दोघांनी बडोदं सोडलं. पुढे संसार मिरजेला झाला. तिथे १९०५ साली हिराबाईंचा जन्म झाला. काही वर्षांनी आईवडील वेगळे झाले आणि मुलं आईबरोबर राहिली. हिराबाईंनी आईच्या गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं आणि त्या बडोदेकर झाल्या. भाऊ सुरेशबाबू यांनी आईचं माने हे आडनाव लावलं. धाकटी बहीण सरस्वतीबाई लग्नानंतर राणे झाली. एका घरातली तीन भावंडं, तीन आडनावं, आणि वडिलांचं नाव एकातही नाही. पण तिघांच्या गळ्यात गाणं मात्र वडिलांच्याच घराण्याचं!

ज्या गावातून आईला निघून जावं लागलं, त्याच गावाचं नाव मुलीने देशभर नेलं. दांडिया बाजारातून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक असायला नको का? सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांकडे शिकलेल्या प्रभा अत्रे २०२४ सालापर्यंत आपल्यात होत्या, म्हणजे ही गोष्ट तशी फार जुनीही नाही.

गोव्याकडच्या आडनावांची कोडी फोंड्याच्या बाई घालतात. त्यांचं एक कोडं मला फार आवडलं. "एका थोर गायिकेच्या आडनावातलं गाव वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं. गायिका कोण?" उत्तर : मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे किशोरी आमोणकरांच्या आई. त्यांचं कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाच्या खुणा वर येतात आणि जुने गावकरी तिथे पुन्हा जमतात. गाव बुडालं, पण आडनाव मात्र गाण्याच्या इतिहासात कोरडं ठणठणीत राहिलं.

याच्या नेमकं उलट कोडं इंदूरकरांनी घातलं होतं. "माणसाने बनवलेल्या वस्तूंपैकी पृथ्वीपासून सगळ्यांत लांब गेलेल्या वस्तूत एका मराठी मुलखातल्या गायिकेचा आवाज आहे. तिचं गाव कोणतं?" लोक गायिकेचं नाव शोधत बसले, पण प्रश्न गावाचा होता. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर जगभरच्या संगीतातले जे निवडक तुकडे आहेत, त्यात केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी आहे. पहिल्या क्रमांकाचं व्हॉयेजर ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालं आणि केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी गेल्या. गोव्यातल्या केरी गावचं नाव लावणारी ही बाई आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गाते आहे. एक गाव पाण्याखाली, दुसरं ताऱ्यांच्या वाटेवर. आणि गंमत म्हणजे दोघीही एकाच गुरूच्या, उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेबांच्या शिष्या.

आता बडोद्याचंच, पण शब्दावर बेतलेलं एक कोडं. हे आमच्या मंडळातल्या सर्वांत वडील गृहस्थांनी घातलं. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. कोडं एवढंच : "बडोद्याच्या गायनशाळेची पणती फ्रान्समध्ये तेवली."

आठ दिवस कोणालाच काही सुचेना. शेवटी ग्वाल्हेरच्या बाईंनी ते सोडवलं. पणती म्हणजे दिवा, तशी पणती म्हणजे नातवाची मुलगी! बडोद्याला १८८६ साली महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख मौलाबक्ष. सूरसागरच्या काठी आज जी संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा आहे, तिचं मूळ या गायनशाळेत आहे. मौलाबक्षांचे नातू, मुलीचे चिरंजीव, म्हणजे इनायत खाँ. त्यांचा जन्म बडोद्याचाच, १८८२ सालचा. ते पुढे युरोप-अमेरिकेत गेले आणि तिकडे सूफी गुरू म्हणून ओळखले गेले. त्यांची मुलगी नूर. नूर म्हणजे प्रकाश! म्हणून 'तेवली'. ही नूर इनायत खान दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये ब्रिटनसाठी गुप्तपणे बिनतारी संदेश पाठवण्याचं काम करत होती. ती पकडली गेली. सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत तिला मारण्यात आलं. १९४९ साली ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. वीणेवर बोटं चालवणाऱ्या घराण्यातल्या मुलीची बोटं अखेर तारायंत्राच्या बटणावर चालली. सूरसागरवरून जाताना आता मला प्रत्येक वेळी तिची आठवण होते.

आकड्यांच्या कोड्यांचे बादशहा बेळगावचे आमचे तबलजी. गणितात रमणाऱ्या मुलांनी हा भाग जरा नीट वाचावा. त्यांचं एक सोपं कोडं असं : "दोन मुलं समोरासमोर बसली. एकीने हातावर तीनताल धरला, दुसऱ्याने झपताल. लय दोघांची एकच, सुरुवातही एकदम. दोघांची सम पुन्हा एकदम कधी येईल?" तीनताल सोळा मात्रांचा, झपताल दहाचा. सोळा आणि दहा यांचा लसावि ऐंशी. म्हणजे तीनतालाची पाच आवर्तनं आणि झपतालाची आठ आवर्तनं झाली की एक्क्याऐंशीव्या मात्रेला दोघांची टाळी एकदम पडेल. वहीत हे दोन ओळींत सुटतं. पण प्रत्यक्ष टाळ्या देऊन करून पाहा. मधल्या मात्रांना शेजाऱ्याची टाळी आपल्याला ओढत असते, आपला ताल सुटू पाहतो, आणि ऐंशी मात्रा तग धरून दोघं समेवर भेटले की जो आनंद होतो, तो वहीतल्या लसाविने होत नाही.

दुसरं कोडं तिहाईचं. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं. "तीनतालात समेपासून तिहाई सुरू केली. बोल पाच मात्रांचा. दोन बोलांमध्ये किती दम ठेवला तर शेवटची मात्रा बरोबर समेवर पडेल?" मुलं सोळा मात्रांचा हिशेब मांडतात आणि तिथेच फसतात. सोळा मात्रा भरल्या तर तिहाई समेच्या एक मात्रा आधी संपते. समेवर पडायचं तर सतरा मात्रा हव्यात, कारण शेवटची मात्रा ही पुढच्या आवर्तनाची पहिली असते. पाच त्रिक पंधरा, उरल्या दोन. म्हणजे प्रत्येक मधल्या जागी एक मात्रा दम. हीच तिहाई नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून, बेदम घ्यायची असेल तर तीन-तीन मात्रांचा बोल तीनदा. हाताने करून पाहा म्हणजे खात्री पटेल.

याच तबलजींनी एकदा विचारलं, "दीपचंदी आणि झुमरा, दोन्ही ताल चौदा मात्रांचे. दोन्हींचे खंड तीन-चार-तीन-चार. मग दोन ताल कशाला हवेत?" यावर मात्र कोणालाच बेरीज-वजाबाकी करून उत्तर देता येईना. दीपचंदी ठुमरी-होरीबरोबर डुलत चालतो, झुमरा विलंबित ख्यालात सावकाश, भारदस्त पावलं टाकतो. बोल वेगळे, वजन वेगळं, चाल वेगळी. आकडे जुळले म्हणजे ताल जुळला असं नाही. दोन माणसांची उंची आणि वजन सारखं असलं म्हणून ती एकच होत नाहीत, तसंच हे.

इथून तिसऱ्या प्रकाराला सुरुवात होते, कानांच्या कोड्यांना. पण त्याआधी एक खेळ सांगतो. शाळेत किंवा घरी पेटी असेल तर तो आजच करून पाहा. गाणं शिकलेलं असण्याची अट नाही.

पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या घ्या. एका सप्तकात त्या पाचच असतात : दोनाचा एक जोड आणि तिनाचा एक. त्यांना डावीकडून काळी एक ते काळी पाच म्हणतात. पांढऱ्या पट्टीला अजिबात हात लावायचा नाही. आता काळी तीनला सा माना आणि तिथून क्रमाने वरच्या सा पर्यंत काळ्या पट्ट्या वाजवा. भूप ऐकू येईल. त्याच पट्ट्या, पण सा काळी एकचा माना. दुर्गा येईल. काळी दोनचा सा घेतला तर धानी. काळी चारचा घेतला तर मधमाद सारंगाचे स्वर. आणि काळी पाचला सा धरला तर मालकंस! पट्ट्या त्याच पाच. फक्त आपण पाय कुठे रोवला, त्यावर सगळं बदलतं. शास्त्रात याला मूर्च्छनाभेद म्हणतात. मला मात्र हे परगावी स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांचं कोडं वाटतं. माणसं तीच, भाषा तीच, पण सा बडोद्याचा धरला की राग वेगळा होतो आणि बेळगावचा धरला की वेगळा. त्यात कमी-जास्त काही नाही.

हा खेळ मी नानांच्या घरी पाहिला. त्याची हकिगत सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हायचा नाही.

नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांचे कान अधू झाले. कानाला यंत्र बसवलं. त्याने माणसांचं बोलणं ऐकू येतं, पण गाणं नाही. यंत्र बोलणं उचलण्यासाठी घडवलेलं असतं. तंबोऱ्यासारखा अखंड वाजणारा स्वर त्याला गोंगाट वाटतो आणि ते तो दाबायला बघतं. साठ वर्षं मैफली ऐकलेल्या माणसाने मैफलीला जाणं बंद केलं. घरात रेकॉर्ड लावणं बंद केलं. "आता जे ऐकू येतं, ते गाणं नव्हे, गाण्याची सावली आहे. सावलीशी काय बोलायचं?" असं ते एकदा म्हणाले. कोडी घालणं मात्र त्यांनी सोडलं नाही. किंबहुना वाढवलं. कारण कोडी घालायला आठवण पुरते.

त्यांच्या घरात नात आहे, आठवीतली. ती दुसऱ्या शाळेत, इंग्रजी माध्यमात शिकते. बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी, घरात मराठी. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असंच आहे. मराठी बोलते झकास, पण वाचायचं म्हटलं की अडखळते. नानांची दृष्टीही आता मंद झाल्यामुळे मंडळाची कोडी तीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवते आणि त्यांची उत्तरं लिहून घेते. आधी कंटाळत करायची. मग 'पणती'च्या कोड्याने ती पकडली गेली. एका शब्दाचे दोन अर्थ असतात आणि त्या दोन अर्थांत एक मुलगी, एक युद्ध आणि आपलं गाव मावतं, याचं तिला नवल वाटलं. आता शनिवार तिच्या लक्षात असतो, नानांच्या आधी!

मी गेलो होतो त्या दिवशी ती काळ्या पट्ट्यांचा खेळ खेळत होती. नाना समोर बसले होते. पेटीचा आवाज त्यांना नीट लागत नव्हता, पण तिची बोटं दिसत होती. तिने काळी पाचवर बोट ठेवलं तसं ते म्हणाले, "मालकंस." तिने काळी एक धरली. "दुर्गा." एकही चुकलं नाही. मग ती हसून म्हणाली, "आजोबा, तुम्ही ऐकत नाही, बघताय. हे चीटिंग आहे." तेव्हा नाना म्हणाले, "बरोबर आहे. पण तूही नुसत्या पट्ट्या दाबते आहेस. मालकंसाच्या पट्ट्या म्हणजे मालकंस नव्हे. परत काळी पाच धर. आता काळी दोनवर ये आणि थांब. तो मध्यम. तिथे घर कर. सारखी तिथे परत ये." तिने तसं केलं. दोन-तीनदा मध्यमावर येऊन थांबली, आणि अचानक खोलीत मालकंस उभा राहिला. मला तो ऐकू आला. तिलाही आला, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. नानांना ऐकू आला की नाही, मी विचारलं नाही. ते मान डोलावत होते, एवढं खरं.

कानाचं कोडं म्हणजे हे. भूप आणि देसकार या दोन रागांचे स्वर तेच पाच : सा रे ग प ध. मग फरक काय? भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, सावकाश खालच्या अंगाने फिरणारा. देसकार सकाळचा, वरच्या अंगाने झळकणारा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तेच. तिघांत कोमल रिषभ, तिघांत तीव्र मध्यम, तिघांत पंचम वर्ज्य. पण मारवा कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळतो आणि सा कडे यायला वेळ लावतो, पूरिया गंधार-निषादात आणि मंद्र सप्तकात रमतो, आणि सोहनी तार सा भोवती भिरभिरते. स्वरांची यादी देऊन हे कोडं सुटत नाही. ते गाऊन किंवा ऐकूनच सोडवावं लागतं.

आमच्या कोड्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. माझे एक मित्र म्हणतात, "अहो, कोण कुठे जन्मला आणि कोणाचं आडनाव काय, ही गाण्याची चौकशी झाली, गाणं नाही. सनावळी पाठ असलेल्या माणसाला गंधार आणि मध्यम यांतला फरक कळेलच असं नाही. आणि आता तर मोबाइलला विचारलं की दोन क्षणांत उत्तर मिळतं. मग कोडी घालण्यात अर्थ काय?"

यावर माझं म्हणणं असं. नावांचं कोडं मोबाइल सोडवेल, कबूल. आकड्यांचंही सोडवेल. रेकॉर्ड ऐकवली तर तिचं नावही सांगेल. पण आमच्या मंडळाचा नियम आठवा : उत्तर कसं सापडलं ते सांगायचं. 'मोबाइलवर सापडलं' हेही आम्ही मान्य करतो, फक्त त्यापुढे एक ओळ लिहावी लागते की, हे उत्तर वाचून मग तुम्ही काय ऐकलंत? हिराबाईंचं नाव सापडल्यावर हिराबाई ऐकल्या का? केसरबाईंची भैरवी ऐकली का? कोडं हा उंबरठा आहे. उंबरठ्यावरच बसून राहणारा घर पाहत नाही, हे माझ्या मित्राचं म्हणणं खरंच. पण उंबरठाच नसेल तर आत यायचं कुठून? मैफलीत तीन तास मांडी घालून बस, असं आठवीतल्या मुलीला सांगितलं तर ती पळून जाईल. पण 'पणती म्हणजे काय?' असं विचारलं तर ती थांबते.

आणि प्रश्नोत्तरांनी गाणं शिकवणं ही काही आम्ही काढलेली युक्ती नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा आपला थोर ग्रंथ मराठीत लिहिला, तो गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपातच. शिष्य शंका विचारतो, गुरू उलगडा करतो, त्यातून नवी शंका निघते. पेशाने वकील असलेल्या या माणसाने हिंदुस्थानभर फिरून उस्तादांकडून चिजा आणि माहिती गोळा केली. देशातली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्या पुढाकाराने १९१६ साली भरली, ती कुठे? आपल्याच बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने. त्यांचा हा ग्रंथ इतर भाषकांना अनुवादातून वाचावा लागतो. आपल्या मुलांना तो मुळातून वाचता येण्यासारखा आहे. मात्र त्यासाठी मराठी वाचता यायला हवं. नुसतं बोलता येऊन भागत नाही. नानांच्या नातीची मराठी आता अडखळत नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. तिला कोणी शिकवणी लावली नाही. शनिवारचं कोडं वाचायला दुसरं कोणी घरात नव्हतं, एवढंच.

म्हणून पालकांना आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती करावीशी वाटते. शाळेच्या दारात सुविचाराचा फळा असतो. शनिवारी त्या सुविचाराखाली गाण्याचं एक कोडं लिहावं. खर्च एका खडूचा. संगीताच्या तासाला निदान एक पेटी सुरात असावी आणि ती कपाटात न राहता मुलांच्या हाती लागावी. संगीताचा तास परीक्षेच्या महिन्यात सगळ्यांत आधी गणिताला दिला जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. तीनताल आणि झपतालाचं कोडं वाचल्यावर तरी हे दोन विषय एकमेकांचे वैरी नाहीत, हे पटायला हरकत नाही. आणि घाई एवढ्याचसाठी की, ज्यांच्याजवळ या कोड्यांची उत्तरं आठवणीत आहेत, ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. सनावळी पुस्तकात मिळेल. पण 'काळी दोनवर थांब, तिथे घर कर' हे सांगणारं माणूस पुस्तकात मिळत नाही.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आता तुमची पाळी. खाली पाच कोडी देतो.

एक : बाल, सवाई, कुमार आणि छोटा, असे चार गंधर्व मराठी माणसाला ठाऊक आहेत. चौघांची मूळ नावं सांगा. यांतले बेळगावजवळ जन्मलेले आणि देवासला स्थायिक झालेले कोण?

दोन : १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. रेकॉर्डच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगतात. का बरं? (तबकड्या त्या काळी कुठे छापल्या जात, याचा विचार करा.)

तीन : 'प्रेमपिया' या नावाने बंदिशी रचणारे बडोदा दरबारचे गायक कोण?

चार : तीनताल आणि सात मात्रांचा रूपक एकदम सुरू केले, तर दोघांची सम पुन्हा एकत्र कितव्या मात्रेला येईल? आणि रूपकाच्या समेत जगावेगळं काय आहे?

पाच : पेटीवर काळी तीनचा सा धरा. आधी भूप वाजवा आणि मग, एकही पट्टी न बदलता, देसकार.

उत्तरं संगीताच्या बाईंकडे आणून द्या. नियम आमच्या मंडळाचाच : उत्तर कसं सापडलं तेही लिहायचं, आणि घरातल्या कोणत्या वडीलधाऱ्या माणसाला विचारलंत, त्याचं नाव खाली घालायचं. पाचवं कोडं कागदावर लिहून चालणार नाही, ते वाजवूनच दाखवावं लागेल.